टीव्हीमागचा उजेड: मुंबईच्या छोट्या घरात स्मार्ट लाइट कसे लावावेत

मुंबईतल्या बहुतेक घरांत हॉल म्हणजेच सगळं घर. संध्याकाळी तिथे मालिका चालू असते, खिडकीजवळच्या टेबलावर कुणीतरी हेडफोन लावून ऑफिसची मीटिंग करत असतं आणि दहा-साडेदहाला त्याच जागेत गाद्या पडतात. उजेड मात्र सगळ्यांना मिळून एकच, छताजवळची ट्यूब. ती लागली की सगळ्यांसाठी लागते, विझली की सगळ्यांसाठी विझते. टीव्हीमागे किंवा टेबलामागे लावायच्या स्मार्ट लाइटकडे, म्हणजे मोबाइलवरून रंग आणि उजेड बदलता येणाऱ्या एलईडी पट्टीकडे, मी याच नजरेने बघतो. रंगीबेरंगी देखावा हा त्याचा लहानसा भाग. एकाच खोलीत एकाला झोपता यावं आणि दुसऱ्याला पिक्चर बघता यावा, हे त्याचं मोठं काम.

हे सगळं पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितोय. भिंत फोडावी लागणार नाही, सोल्डरिंग येण्याची गरज नाही, आणि भाड्याच्या घरातही हे करता येईल.

आधी मोबाइलचा टॉर्च, मग खरेदी

रात्री ट्यूब बंद करा, टीव्ही लावा आणि घरातल्या कुणालातरी मोबाइलचा टॉर्च टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून धरायला सांगा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा. आता तीन गोष्टी दिसतील. भिंतीवर उजेड कुठवर पसरतो, समोरच्या फोटोफ्रेमच्या किंवा शोकेसच्या काचेत त्याचं प्रतिबिंब डोळ्यावर येतं का, आणि भिंतीचा रंग उजेडाला किती बदलतो. पांढरी, राखाडी किंवा फिकट मोतिया भिंत असेल तर उत्तम. गडद पिस्ता किंवा गुलाबी भिंत असेल तर तुम्ही कितीही चांगला पांढरा लाइट लावा, परत येणारा उजेड पिस्ता नाहीतर गुलाबीच असणार. तिथे रंगीत लाइटवर जास्त पैसे घालू नका.

टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल तर उजेडाला पसरायला वाव मिळत नाही, कडेला पांढरी रेघ तेवढी दिसते. निदान तीन-चार बोटं अंतर हवं. स्टँडवरचा टीव्ही पुढे ओढता येतो. भिंतीवरच्या ब्रॅकेटमध्ये बहुतेक वेळा तेवढी फट असतेच.

हीच परीक्षा कामाच्या टेबलाची घ्या. टॉर्च मॉनिटरच्या मागे, मग टेबलाच्या मागच्या कडेला खाली, मग वरच्या पुस्तकांच्या फळीखाली. जिथे उजेड दिसतो पण दिवा दिसत नाही, ती तुमची जागा. हा नियम एवढा महत्त्वाचा आहे की बाकी काही जमलं नाही तरी हा पाळा.

काय घ्यायचं

एलईडी पट्ट्यांचे बाजारात इतके प्रकार दिसतात की माणूस गोंधळतो. नवख्याला त्यातला फरक एवढाच कळला तरी पुरे. साध्या आरजीबी पट्टीत लाल, हिरवा, निळा असे तीन रंग असतात आणि पूर्ण पट्टी एका वेळी एकाच रंगात लागते. ॲड्रेसेबल पट्टीत प्रत्येक दिव्याला, किंवा तीन-तीन दिव्यांच्या गटाला, वेगळा रंग देता येतो. टीव्हीवरच्या चित्राबरोबर बदलणारे लाइट हेच. डेकोरेटर मंडळी यांना पिक्सेल लाइट म्हणतात. तिसरा प्रकार आरजीबीडब्ल्यू, म्हणजे तीन रंग आणि शिवाय पांढऱ्याचा स्वतंत्र दिवा.

माझं मत विचाराल तर पहिली पट्टी घेताना हा स्वतंत्र पांढरा बघूनच घ्या. कारण पहिल्या आठवड्यात जांभळा-निळा लावून झाल्यावर वर्षभर तुम्ही पांढराच लावणार आहात. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा निळसर किंवा गुलाबट दिसतो, त्यात माणसाचा चेहरा आजारी वाटतो. खऱ्या पांढऱ्या एलईडीत निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो, त्यामुळे उजेडात मधल्या छटाही येतात. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर रंग आणखी खरे दिसतात.

पांढऱ्यातही फरक असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे ट्यूबसारखा थंड पांढरा. व्हिडिओच्या जगात ६५०० केल्विन हाच प्रमाण पांढरा मानतात, त्यामुळे पिक्चर बघताना टीव्हीमागे तोच ठेवला तर पडद्यावरचे रंग बिघडत नाहीत. उजेड मात्र मंद हवा, पडद्यावरच्या पूर्ण पांढऱ्याच्या साधारण दहावा हिस्सा. अंधाऱ्या खोलीत नुसता पडदा झगझगत असेल तर डोळे दमतात. मागची भिंत थोडी उजळली की तो ताण कमी होतो आणि पडद्यावरचा काळा रंगही जास्त गडद वाटतो. झोपायच्या आधीच्या तासाभरात मात्र २७०० वर या. निळसर उजेडाने झोप यायला उशीर होतो.

एक गोष्ट टाळा. पीओपीच्या सीलिंगमध्ये लावायची थेट २३० व्होल्टवर चालणारी रोप लाइट मीटरवर स्वस्त मिळते, म्हणून लोक तीच टीव्हीमागे लावतात. ती फडफडते, नीट मंद होत नाही, आणि हात लागेल अशा जागी २३० व्होल्टची पट्टी असणं धोक्याचंच. घरासाठी ५, १२ किंवा २४ व्होल्टचीच घ्या.

माप आणि अडॅप्टर

४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो. पट्टी कडेपासून सहा-सात सेंटिमीटर आत लावायची, म्हणजे चारही बाजूंना मिळून अडीच मीटरच्या आत काम होतं. ५५ इंची असेल तर सव्वातीन-साडेतीन मीटर धरा. टीव्ही युनिटवर ठेवलेला असेल तर खालची बाजू सोडून द्या. सनमायकावर खालचा उजेड आरशासारखा चमकतो.

आता वीज. १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली ५०५० जातीची (पाच बाय पाच मिलिमीटरच्या दिव्यांची) आरजीबी पट्टी पूर्ण उजेडात मीटरला साधारण १४.४ वॉट घेते. दोन मीटरला २८.८ वॉट. अडॅप्टर नेहमी पंचवीस टक्के मोठा घ्यावा, म्हणजे ३६ वॉट, अर्थात १२ व्होल्ट ३ अँपिअर. ५ व्होल्टच्या ॲड्रेसेबल पट्टीचा हिशोब वेगळा. डब्ल्यूएस२८१२बी हा त्यातला सर्वांत प्रचलित दिवा, आणि तो पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला ६० दिवे म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर. दोन मीटरला सात अँपिअरच्या वर जातं. मोबाइलच्या चार्जरचं हे काम नाही.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या छोट्या पट्ट्याही मिळतात. यूएसबी २.० पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. नुसत्या मंद पांढऱ्या उजेडाला ते पुरतं, आणि बऱ्याच टीव्हींवर तो लाइट टीव्हीबरोबर आपोआप लागतो-विझतो. ज्यांना ॲप, वाय-फाय काहीच नको आहे त्यांनी एवढ्यावर थांबायला हरकत नाही.

बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: मंद करून १० वॉटवर रोज पाच तास लावली तर महिन्याला दीड युनिट.

अडॅप्टरवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का ते बघा. पट्टी खराब निघाली तर बहुधा नुसती विझेल. अडॅप्टर खराब निघाला तर आग लागू शकते. पैसे वाचवायचे असतील तर पट्टीवर वाचवा.

लॅमिंग्टन रोडला जावं का

जमत असेल तर जरूर जा. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येतं. पट्ट्या, कंट्रोलर (पट्टीचा रंग आणि उजेड बदलणारी छोटी डबी), पॉवर सप्लाय, कनेक्टर सगळं तिथे मिळतं, आणि मुख्य म्हणजे वस्तू लावून बघता येते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. ॲल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे एलईडी पट्टी आत बसवायची पन्हळ, आणि त्यावरचं दुधी झाकण हवं असेल तर लोहार चाळीतही चक्कर मारा.

दुकानात पाच मीटरचं पूर्ण रीळ उलगडून पूर्ण पांढऱ्यावर लावायला सांगा. मग शेवटच्या फुटाकडे बघा. तिथला पांढरा सुरुवातीपेक्षा पिवळट किंवा लालसर पडला असेल तर आतलं तांबं पातळ आहे आणि व्होल्टेज शेवटपर्यंत पोचत नाही. थोडा फरक प्रत्येक लांब १२ व्होल्ट पट्टीत असतो, तो दोन्ही टोकांनी वीज दिली की जातो. डोळ्यात भरेल इतका फरक असेल तर दुसरं रीळ मागा. त्यानंतर लाइट मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर व्हिडिओ कॉलमध्येही तसंच दिसणार.

ऑनलाइन घेतलं तर तयार किट मिळतं, त्यात अडॅप्टर, कंट्रोलर आणि ॲप एकमेकांशी जुळलेले असतात. पहिल्या वेळी हा मोठा फायदा आहे, विशेषतः वायरिंगची भीती वाटत असेल तर.

चिकटवणं: इथेच खरी मेहनत

मुंबईच्या हवेत पट्टी पडते ती जून ते सप्टेंबरमध्ये. मागचा गोंद डिस्टेंपरवर, न पुसलेल्या प्लायवूडवर आणि टीव्हीच्या धुळकट पाठीवर टिकत नाही. भिंतीवर तर लावूच नका. भिंत पावसाळ्यात ओल धरते, आणि अकरा महिन्यांचा करार संपल्यावर पट्टी काढताना रंगाची पापडी निघून येते, मग डिपॉझिटवरून वाद. टीव्हीची पाठ, टेबलाची मागची कड, फळीची खालची बाजू अशा आपल्या मालकीच्या वस्तूंवर लावा.

टीव्ही बंद करून प्लग काढा. पाठ कोरड्या फडक्याने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने पट्टी जाईल तेवढाच भाग पुसा. हवा जायच्या जाळीवर आणि पडद्याला अल्कोहोल लावू नका. पाच मिनिटं वाळू द्या. पट्टीचा मागचा कागद एकदम सोलू नका. वीतभर सोलायचा, चिकटवायचं, अंगठ्याने प्रत्येक इंच दहा सेकंद दाबायचा, मग पुढची वीत. घाई केली की पट्टी वाकडी जाते, आणि एकदा उचकटली की गोंद अर्धा मेलेला असतो. दर फुटाला एक छोटी क्लिप लावली तर पावसाळ्याची चिंता उरत नाही. गणपतीच्या मखरासाठी हीच पट्टी काढून वापरण्याचा मोह होईल. त्यापेक्षा मखरासाठी वेगळी घ्या.

कोपऱ्यावर पट्टी दिव्याच्या जागी दुमडू नका. मोठा वळसा देऊन फिरवा, किंवा कापून कनेक्टरने जोडा. कापायची जागा ठरलेली असते: तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध जाणारी रेष आणि कात्रीची खूण छापलेली असते. १२ व्होल्टच्या पट्टीवर ती बहुधा दर तीन दिव्यांनी येते, २४ व्होल्टला सहा, डब्ल्यूएस२८१२बीला प्रत्येक दिव्यानंतर. बरोबर त्या रेषेवर कापा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा ठिपका राहिला पाहिजे. कनेक्टर पट्टीच्या रुंदीचा, म्हणजे ८ किंवा १० मिलिमीटरचा, आणि तितक्याच पिनांचा घ्या: ॲड्रेसेबल तीन, आरजीबी चार, आरजीबीडब्ल्यू पाच. ॲड्रेसेबल पट्टीवर बाण छापलेले असतात. कंट्रोलर बाणाच्या शेपटीकडे जोडायचा. उलटा जोडला तर एकही दिवा लागत नाही आणि माणूस उगाच पट्टी परत करायला निघतो.

वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत उघडं तांबं लवकर हिरवं पडतं. कापलेल्या टोकाला सिलिकॉनची टोपी किंवा हीट श्रिंक (गरम केली की आक्रसून बसणारी) नळी घाला.

चिकटवण्याआधी, पट्टी जमिनीवर सरळ पसरून एकदा पूर्ण लावून बघा. तासभर चालू ठेवा आणि अडॅप्टरला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बदला. अडॅप्टर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. एक्स्टेंशनमध्ये एक्स्टेंशन लावत जाऊ नका. स्पाइक गार्ड असलेला एकच चांगला बोर्ड घ्या. नवा सॉकेट लागणार असेल तर वायरमनला बोलवा.

वाय-फायशी जोडताना

बहुतेक स्मार्ट पट्ट्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलेलं असेल तर ॲप तासभर गोल फिरत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, मोबाइल त्यावर आणा, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा, मग जोडा. सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ असेल तर काही लाइट जोडले जात नाहीत, तिथे डब्ल्यूपीए२ पण चालेल असा पर्याय निवडा.

आपल्या इमारतींत एका मजल्यावर दहा राउटर असतात आणि सगळे २.४ वरच ओरडत असतात. लाइट सारखा ऑफलाइन जात असेल तर राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळं असेल त्यावर टाका. कंट्रोलरची डबी टीव्हीच्या पत्र्याच्या पाठीला न चिकटवता थोडी बाजूला लटकू द्या. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर लाइट त्यावर ठेवा, म्हणजे बँकेचं काम करता तो लॅपटॉप आणि स्वस्तातला लाइट एकाच नेटवर्कवर राहणार नाहीत.

पुढे बल्ब, प्लग असं वाढवायचं असेल तर खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघा. हे २०२२ मध्ये आलेलं सामायिक मानक आहे. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच ॲपमधून चालवता येतात. स्मार्ट बल्ब घेताना होल्डर बघायला विसरू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खटक्याचा, म्हणजे बी२२ असतो. ऑनलाइन अनेकदा आट्यांचा ई२७ गळ्यात पडतो.

घरातल्या सगळ्यांना वापरता आलं पाहिजे

स्मार्ट लाइट घरात टिकतो की नाही हे भिंतीवरच्या बटणावर ठरतं. आई किंवा आजी झोपायला जाताना सवयीने बटण बंद करणार, आणि त्यात काही चूक नाही. वीजच गेली की ॲप काय करणार? म्हणून ट्यूब तिच्या जुन्या बटणावरच राहू द्या. स्मार्ट पट्टीचा प्लग टीव्हीमागच्या, सहसा कुणी हात न लावणाऱ्या सॉकेटमध्ये द्या. सोबत साधा रिमोट येतो, तो सोफ्याजवळ ठेवा. ज्यांना मोबाइल हाताळणं जड जातं त्यांनाही एक बटण दाबून उजेड कमी करता आला पाहिजे.

ॲपमध्ये तीन-चारच सीन (एका बटणावर लागणारी ठरवून ठेवलेली सेटिंग) करा आणि नावं मराठीत, घरच्यांना कळतील अशी ठेवा. काम: ४००० केल्विन, ऐंशी टक्के. पिक्चर: ६५०० केल्विन, दहा-पंधरा टक्के. झोप: २७०० केल्विन, पाच टक्के, आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद. झोपच्या सीनला रोज रात्रीची वेळ लावून ठेवली की कुणाला उठावं लागत नाही.

आणखी एक सेटिंग नवखे हमखास विसरतात: वीज जाऊन परत आली की लाइटने काय करायचं. अनेक लाइट वीज आली की पूर्ण पांढऱ्यावर लागतात. रात्री दोनला दोन सेकंद वीज झपकली की झोपलेल्या सगळ्यांच्या तोंडावर उजेड. ॲपमध्ये हे 'आधी होतं तसं' किंवा 'बंद' करून ठेवा.

चित्राबरोबर बदलणारे रंग

फिलिप्सने २००४ मध्ये अँबिलाइट नावाने हे टीव्हीतच आणलं. आता बाहेरून जोडता येतं. त्याचे मार्ग तीन. टीव्हीवर छोटा कॅमेरा बसतो आणि पडदा बघून रंग ठरवतो. यात टीव्हीवर काहीही चालू असलं तरी लाइट बदलतात, सेटिंग सोपं असतं, रंग मात्र थोडे उशिरा आणि ढोबळ येतात. शिवाय घरातल्या एकुलत्या एका खोलीत कॅमेरा असणं घरच्यांना चालणार आहे का, हे आधी विचारा. त्याचं तोंड पडद्याकडे असलं तरी विचारा.

दुसरा मार्ग एचडीएमआय बॉक्सचा. सेट-टॉप बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल त्यातून टीव्हीला जातो. रंग अचूक येतात, पण टीव्हीच्या आतल्या ॲपमधून बघितलेला पिक्चर त्या बॉक्समधून जातच नाही, त्यामुळे लाइट गप्प बसतात. सगळं टीव्हीच्या ॲपमध्येच बघत असाल तर हा महागडा बॉक्स घेऊ नका.

तिसरा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरचा. गेम खेळणाऱ्यांसाठी झकास आणि स्वस्त. कॉपीपासून संरक्षित केलेले पिक्चर मात्र स्क्रीन कॅप्चरमध्ये काळे येतात, तेव्हा लाइटही विझतात. ज्यांना हाताने जुळवण्याची हौस आहे त्यांनी ईएसपी३२ हा कंट्रोलरचं काम करणारा छोटा वाय-फाय बोर्ड आणि त्यावर चालणारं डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर बघावं.

कुठलाही मार्ग घेतलात तरी उजेडाची पातळी आणि बदलाचा वेग दोन्ही कमी ठेवा. झटपट लुकलुकणारा लाइट शेजारी झोपलेल्याला जागं करतो, आणि घरात कुणाला फिट्स किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर हा प्रकार नकोच.

कामाचं टेबल

इथे मॉनिटरमागची पट्टी एकटी पुरत नाही. वाचन-लेखनाला टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. मोबाइलवरच्या लक्स मीटर ॲपने अंदाज येतो. मॉनिटरच्या डोक्यावर बसणारा लाइट बार किंवा मान वाकणारा टेबल लॅम्प हा मुख्य, मागची पट्टी त्याच्या साथीला. वरच्या फळीखाली पट्टी लावली तर ठिपके चकचकीत टेबलात दिसतात. तिथे ॲल्युमिनियम प्रोफाइल आणि दुधी झाकण, किंवा सलग रेघेसारखी दिसणारी सीओबी पट्टी घ्या.

मीटिंगमध्ये चेहरा काळवंडतो तो मागून उजेड आल्यामुळे. खिडकी पाठीशी असेल तर टेबल फिरवा. जागाच नसेल तर पडदा ओढा आणि समोरचा लॅम्प वाढवा. कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तरीही दिसले तर लाइट मंद करू नका, पूर्ण उजेडावर ठेवून दिशा बदला, कारण मंद करताना बरेच एलईडी वेगाने चालू-बंद होत असतात आणि कॅमेऱ्याला तेच दिसतं.

एवढं बसवून झालं की पंधरा दिवस तसंच वापरा आणि मगच दुसरी पट्टी घ्यायची का ते ठरवा. घेतलीत तर ती पलंगाखाली, जमिनीकडे तोंड करून, हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरसकट लावा. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याला गाद्यांमधून वाट दिसते आणि ट्यूब लावावी लागत नाही.